सोर्स, किल्ली आणि नाव: वनप्लस वन फोनचे प्रकरण

२ डिसेंबर २०१४ रोजी वनप्लस वन हा फोन भारतात ॲमेझॉनवरून विक्रीस आला. खरखरीत काळ्या पाठीच्या, ६४ जीबीच्या त्या फोनची किंमत २१,९९९ रुपये होती आणि तो घेण्यासाठी आधी निमंत्रण मिळवावे लागत होते. पाठीवर खालच्या बाजूला 'सायनोजन' हे, त्यातले सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे, नाव छापलेले होते. दोनच आठवड्यांनी, १६ डिसेंबरला, दिल्ली उच्च न्यायालयाने याच नावावरून त्या फोनच्या विक्रीला तात्पुरती मनाई केली. ज्यांनी मधल्या काळात पैसे मोजून फोन घेतला होता, त्यांच्या हातात एक विचित्र वस्तू आली होती: तिच्या पाठीवर ज्या कंपनीचे नाव होते, तीच कंपनी या देशापुरता आपला हक्क दुसऱ्याला देऊन बसली होती.

फोनवर पर्यायी रॉम, म्हणजे कंपनीने दिलेल्या प्रणालीच्या जागी दुसरी प्रणाली, चढवणाऱ्या मंडळींत हे प्रकरण बहुधा वनप्लस, सायनोजन आणि मायक्रोमॅक्स या तीन कंपन्यांच्या भांडणाची हकीकत म्हणून सांगितले जाते आणि दोष कोणाचा या प्रश्नापाशी संपते. मला ते वेगळ्या कारणासाठी अभ्यासण्याजोगे वाटते. फोनचे सॉफ्टवेअर एकाच कंपनीकडून येते तेव्हा त्यातल्या तीन गोष्टी एकच भासतात: सोर्स कोड, त्यापासून तयार झालेल्या बिल्डवर (फोनवर चढवण्याजोग्या रूपावर) सही करणारी खासगी किल्ली, आणि ज्या नावाने ती बिल्ड वाटली जाते ते नाव. वनप्लस वनच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी दोन वर्षांत एकमेकींपासून सुटत गेल्या, आणि त्यातली कोणती निसटली म्हणजे फोनचे नेमके काय अडते हे प्रत्यक्ष दिसले.

टंकलेल्या शब्दातून मिळालेला रूट

या गोष्टीचे मूळ सहा वर्षे मागे आहे. अँड्रॉइडवर चालणारा पहिला विक्रीचा फोन, एचटीसी ड्रीम, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत टी-मोबाइल जी१ या नावाने आला. त्याला सरकवून उघडणारा खराखुरा कीबोर्ड होता, आणि सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अजब चूक राहून गेली होती. विकसकांना चाचणीच्या वेळी लागणारे कन्सोल फोन सुरू होतानाच रूटच्या, म्हणजे फोनमध्ये काहीही बदलू शकणाऱ्या सर्वोच्च, अधिकारांनिशी मागे चालू होत असे, आणि कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक अक्षर पडद्यावरच्या ॲपबरोबर त्यालाही पोहोचत असे. त्यामुळे कोणी मित्राला निरोप लिहिताना 'रीबूट' एवढाच शब्द टंकून एंटर दाबले, तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. लोकांनी याच वाटेने टेलनेट ही दुरून आज्ञा देण्याची सेवा चालू करून फोनचा पूर्ण ताबा मिळवला. पुढच्या अपडेटने ती वाट बुजवली खरी, पण तोवर फोनचे सॉफ्टवेअर उघडून बदलण्याची चटक लागलेला एक गट तयार झाला होता. या गटातल्या जीझसफ्रीक या टोपणनावाच्या विकसकाने सुधारित रॉम काढल्या, आणि २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी 'सायनोजन' या टोपणनावाने ते काम पुढे नेले. सायनोजनमॉड हे नाव तिथून आले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने कोंडिक यांना ती रॉम वाटणे थांबवण्याचे कायदेशीर पत्र पाठवले. आक्षेप अँड्रॉइडवर नव्हता. अँड्रॉइडचा मुख्य भाग अपाची २.० परवान्याखाली आणि त्याच्या तळाचा, हार्डवेअर सांभाळणारा लिनक्स कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुला होता, त्यामुळे तो घेण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार कोणालाही होता. आक्षेप होता तो रॉमच्या झिप फाइलमध्ये सोबत बांधलेल्या मार्केट (ॲप्सचे दुकान), जीमेल, नकाशे आणि यूट्यूब या ॲप्सवर, कारण त्यांचा सोर्स बंद होता आणि ती वाटण्याचा परवाना कोंडिक यांच्याकडे नव्हता. तोडगा असा निघाला की रॉम या ॲप्सविना वाटायची आणि वापरकर्त्याने आपल्याच फोनमध्ये मुळात असलेली ॲप्स जपून ठेवून पुन्हा बसवायची. पुढे 'गॅप्स' (गुगल ॲप्स) नावाची वेगळी झिप चढवण्याची जी रीत पडली, ती याच पत्रापासून. रॉम चढवायला दोन झिप का लागतात, हा नवख्या माणसाचा नेहमीचा प्रश्न असतो, आणि त्याला मिळणारी तांत्रिक उत्तरे बहुधा चुकीची असतात. कारण तांत्रिक नाही, कायदेशीर आहे.

प्रकल्पाची कंपनी

सायनोजनमॉड चार वर्षे स्वयंसेवकांच्या बळावर वाढला. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच्याभोवती सायनोजन इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी उभी राहिल्याचे जाहीर झाले; मुख्य कार्यकारी पदावर कर्ट मॅकमास्टर होते आणि तांत्रिक बाजू कोंडिक यांच्याकडे होती. सुरुवातीचे भांडवल ७० लाख डॉलर होते आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी २ कोटी ३० लाख डॉलर आले.

पहिली ठिणगी लगेचच पडली. एका विकसकाने सायनोजनमॉडसाठी फोकल नावाचे कॅमेरा ॲप जीपीएल परवान्याखाली लिहिले होते. जीपीएलच्या अटीप्रमाणे त्यात बदल करून ते वाटणाऱ्याला बदललेला सोर्सही द्यावा लागतो, आणि फोननिर्मात्यांशी व्यवहार करू पाहणाऱ्या कंपनीला ती अट अडचणीची होती. म्हणून तिने त्याच ॲपसाठी आणखी एक, सैल परवाना मागितला. विकसकाने तो नाकारला आणि ॲप प्रकल्पातून काढून घेतले. प्रसंग छोटा आहे, पण या प्रकरणातली पुढची सारी मांडणी त्यात बीजरूपाने आहे: स्वयंसेवकांनी लिहिलेला कोड कंपनी वापरू शकत होती, परंतु त्याच्यावर एकटीची मालकी सांगू शकत नव्हती. मग विकण्याजोगे तिच्याकडे उरत होते ते नाव, सही केलेली प्रमाणित बिल्ड, आणि अपडेट पोहोचवणारे सर्व्हर.

यानंतर एकाच सोर्सच्या दोन शाखा वाहू लागल्या. एक म्हणजे सायनोजनमॉड: गॅप्सविना, रोजच्या नाइटली बिल्डसह, ज्याला हवी त्याने आपल्या जबाबदारीवर चढवायची. दुसरी व्यापारी, पुढे सायनोजन ओएस या नावाने ओळखली जाणारी: गुगलची ॲप्स आधीच घातलेली, फोनच्या खोक्यातूनच येणारी, हवेतून, म्हणजे संगणकाला न जोडता इंटरनेटवरून, अपडेट होणारी. २३ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या वनप्लस वनवर तिची सुरुवातीची आवृत्ती, सायनोजनमॉड ११एस, होती. स्नॅपड्रॅगन ८०१ चिप, ३ जीबी रॅम, साडेपाच इंची पडदा आणि २९९ डॉलरपासून सुरू होणारी किंमत हे त्या काळी चकित करणारे गणित होते. पण रॉम चढवणाऱ्यांना त्याहून मोठे अप्रूप होते ते या गोष्टीचे, की आजवर वॉरंटी पणाला लावून जे बसवायचे ते आता कारखान्यातूनच बसून येत होते.

एकमेव हक्क कशाचा?

वनप्लस भारतात उतरण्याची तयारी करत असतानाच सायनोजनने मायक्रोमॅक्सशी करार केला, की भारतात सायनोजनचे नाव आणि सॉफ्टवेअर घेऊन फोन आणण्याचा हक्क मायक्रोमॅक्सचा एकट्याचा असेल. वनप्लसला हे कळले ते भारतातील विक्रीच्या अगदी तोंडावर. मायक्रोमॅक्सने या करारासाठी 'यू' हा नवा ब्रँड काढला, आणि त्याचा पहिला फोन, यू युरेका, न्यायालयाच्या हुकमानंतर दोन दिवसांनी, १८ डिसेंबर २०१४ रोजी ८,९९९ रुपये किमतीला जाहीर झाला. गंमत अशी की दोन्ही फोनांचे दुकान एकच होते, ॲमेझॉन. एकाची किंमत दुसऱ्याच्या अडीचपट होती, म्हणजे गिऱ्हाईकही फारसे सामाईक नव्हते.

१६ डिसेंबरच्या हुकमाने सायनोजनचे व्यापारचिन्ह आणि सॉफ्टवेअर असलेले फोन विकण्यास वनप्लसला मनाई केली. नाताळच्या सुमारास खंडपीठाने हा हुकूम बाजूला सारला आणि विक्री पुन्हा सुरू झाली. न्यायालयीन बाजू एवढ्यावरच सोडून देतो, कारण तांत्रिकदृष्ट्या अधिक बोलका प्रश्न असा आहे: जो सोर्स कोणीही उतरवून घेऊ शकतो, त्याचा एखाद्या देशापुरता एकमेव हक्क देणे म्हणजे नेमके काय देणे?

सोर्सचा हक्क तर देताच येत नव्हता. पुण्यात बसलेल्या कोणीही त्या दिवशी आपल्या लिनक्स संगणकावर 'रेपो सिंक' चालवून सायनोजनमॉडचा सगळा सोर्स उतरवला असता, वनप्लस वनसाठी बिल्ड केली असती आणि मित्रमंडळींत वाटली असती, तरी मायक्रोमॅक्सचा करार त्याच्या आड येत नव्हता. अपाची आणि जीपीएल परवान्यांनी ती मोकळीक आधीच देऊन टाकली होती. देता येत होत्या त्या भोवतीच्या गोष्टी. पहिली, नाव, आणि खटला प्रामुख्याने तिच्यावरच उभा होता. दुसरी, सही केलेली बिल्ड. अँड्रॉइडमध्ये सिस्टमच्या ॲप्सवर विकसकाच्या खासगी किल्लीची सही असते आणि त्याच किल्लीची सही असलेली पुढची आवृत्तीच जुनीच्या जागी विनातक्रार बसते, म्हणून किल्ली ज्याच्याकडे त्याच्याकडेच सुरळीत अपडेटची वाट. तिसरी, सर्व्हर: कोणत्या फोनला अपडेटची वर्दी द्यायची आणि कोणत्याला नाही हे तिथे ठरते. भारतात विकलेला वनप्लस वन आणि युरोपात विकलेला वनप्लस वन यांच्या हार्डवेअरमध्ये फरक नव्हता, तरीही एकाला हवेतून अपडेट मिळेल आणि दुसऱ्याला मिळणार नाही अशी घोषणा होऊ शकली, ती याच कारणाने. भारतातल्या फोनांनाही अपडेट मिळत राहतील असे सायनोजनने पुढे स्पष्ट केले आणि प्रत्यक्षात ती मिळालीही; परंतु मधल्या आठवड्यांत ग्राहकाचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याचे कारण कोडमध्ये कुठेही नव्हते.

दोन फोनांची बिल्ड मात्र एकमेकांना उपयोगी नव्हती, हेही इथे सांगितले पाहिजे, कारण 'दोघांचे सॉफ्टवेअर एकच' या समजातून त्या काळी काहींनी फोन अडकवून घेतले. सायनोजनमॉडसारख्या रॉममध्ये प्रत्येक फोनची वेगळी डिव्हाइस ट्री असते: कोणता कर्नल, कोणती पार्टिशने (साठवणीचे कप्पे), कोणता कॅमेरा, कोणता ऑडिओ मार्ग, हे सारे तिच्यात लिहिलेले असते, आणि जोडीला चिप बनवणाऱ्याचे बंद सोर्सचे तुकडे, म्हणजे ब्लॉब, लागतात. वनप्लस वन स्नॅपड्रॅगन ८०१ वर होता आणि युरेका स्नॅपड्रॅगन ६१५ वर. या ट्रींना सांकेतिक नावे असतात. वनप्लस वनचे नाव 'बेकन' होते, तर युरेकाचे 'टोमॅटो'. यूच्या पुढच्या फोनांना 'जलेबी' आणि 'सांबार' अशी नावे मिळाली, त्यावरून विकसकांची भूक कोणत्या वेळेला लागत असावी याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

स्वतःच्या हाताने बदल

वनप्लसने या अडचणीवर काढलेला उपाय म्हणजे स्वतःची रॉम. ऑक्सिजन ओएस ३ एप्रिल २०१५ रोजी वनप्लस वनसाठी प्रसिद्ध झाली, आणि त्याच महिन्यात सायनोजनची अँड्रॉइड ५ वर आधारलेली १२एस आवृत्तीही पोहोचू लागली. आता एका फोनपुढे तीन वाटा होत्या: सायनोजनची व्यापारी आवृत्ती, सायनोजनमॉडच्या नाइटली, आणि ऑक्सिजन ओएस. पहिली आपोआप येत होती. उरलेल्या दोन आपल्या हाताने चढवायच्या होत्या.

या हाताच्या कामाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण किल्ली बदलणे म्हणजे व्यवहारात काय असते ते इथे कळते. वनप्लस वनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कोणती प्रणाली चालू द्यायची ते ठरवणारा भाग, उघडणे सोपे होते. संगणकाला फोन जोडून 'फास्टबूट ओईएम अनलॉक' एवढी आज्ञा पुरत असे, ना कोणाची परवानगी, ना वाट पाहण्याची मुदत. लिनक्सवर काम करणाऱ्याला पहिला अडथळा फोनचा नसून स्वतःच्याच संगणकाचा येई: फास्टबूटला फोन दिसतो, पण त्या यूएसबी उपकरणाला हात लावायची परवानगी सामान्य वापरकर्त्याला नसते. यूडेव्ह या लिनक्समधल्या उपकरणे सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या नियमांत त्या उपकरणाचा विक्रेता क्रमांक नोंदवणे हा त्यावरचा नीट उपाय, आणि प्रत्येक आज्ञेआधी सुडो लावून ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे हा आळशी उपाय. बहुतेकांनी दुसरा केला.

अनलॉकच्या आज्ञेबरोबर फोनमधला वापरकर्त्याचा सगळा डेटा पुसला जातो. ही जाच करणारी तांत्रिक खोडी नसून सुरक्षेची अट आहे: चोरलेल्या फोनचा बूटलोडर उघडून आतले फोटो आणि निरोप वाचता येऊ नयेत म्हणून. या फोनचे एक सुख असे की रॉम चढवण्याआधी काय जपायचे ते ठाऊक असलेला माणूस निर्धास्त राहू शकत होता. जपायची खरी गोष्ट फोटो नव्हेत, ते दुसरीकडेही ठेवता येतात. जपायची ती मोडेमची (मोबाइलच्या जाळ्याशी जोडणाऱ्या भागाची) दोन छोटी पार्टिशने, मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२, जिथे त्या विशिष्ट फोनचा आयएमईआय हा ओळखक्रमांक आणि रेडिओची जुळवणी असते. ती बिघडली तर सिम ओळखले जात नाही, आणि दुसऱ्या फोनवरून उतरवून आणलेली प्रत काहीच कामाची नसते. 'डीडी' आज्ञेने त्यांची प्रत काढून संगणकावर ठेवायला मिनिटभर लागतो. मदत मागायला येणाऱ्यांपैकी किती जणांनी ते मिनिट खर्च केलेले असे, हे या छंदातल्या कोणालाही विचारावे.

दुसरा अडथळा अधिक शिकवून जाणारा होता. नवी नाइटली चढवताना रिकव्हरी, म्हणजे रॉम चढवण्यासाठीची फोनमधली वेगळी छोटी प्रणाली, मध्येच थांबून मोडेम पडताळणीची चूक दाखवत असे, आणि त्या चुकीच्या ओळीत वनप्लसचे नव्हे तर ओप्पोचे नाव दिसे, कारण या फोनची डिव्हाइस ट्री ओप्पोच्या एका भावंड फोनशी सामाईक पायावर उभी होती. चुकीचा अर्थ साधा होता: रॉम म्हणजे फोनमधले सगळे सॉफ्टवेअर नव्हे. बूटलोडर, ट्रस्टझोन (चिपमधला सुरक्षित विभाग) आणि मोडेमचे फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअर थेट चालवणारे सॉफ्टवेअर, वेगळ्या पार्टिशनांवर असते, ते चिप बनवणाऱ्याकडून बंद स्वरूपात येते, आणि रॉम त्याच्या विशिष्ट आवृत्त्यांशीच जुळते. उपाय म्हणून फक्त फर्मवेअरची वेगळी झिप आधी चढवावी लागे, आणि ती व्यापारी आवृत्तीच्या अधिकृत अपडेटमधूनच काढलेली असे. याचा अर्थ असा की सायनोजनमॉडच्या मुक्त नाइटलीवर जगणारा माणूसही फर्मवेअरपुरता अधिकृत अपडेटांच्याच तोंडाकडे पाहत होता.

तिसरी अडचण रिकव्हरीची. बहुतेकांनी कंपनीच्या रिकव्हरीऐवजी टीडब्ल्यूआरपी ही पर्यायी रिकव्हरी बसवलेली असे, कारण कंपनीची रिकव्हरी स्वतःच्या किल्लीची सही असलेल्याच झिप स्वीकारते. परंतु विकसक पर्यायांमध्ये अपडेटबरोबर रिकव्हरीही बदलण्याचा एक खटका होता. तो चालू राहिला तर पुढच्या अपडेटने टीडब्ल्यूआरपी निमूट पुसली जाई, आणि हे कळे तेव्हा फोन अडलेला असे. एका खटक्यावर किल्लीचा ताबा परत कंपनीकडे जात होता.

डिसेंबर २०१६

कंपनीच्या मधल्या दोन वर्षांबद्दल थोडक्यात. मॅकमास्टर यांनी अँड्रॉइड गुगलच्या ताब्यातून काढून घेण्याची भाषा जाहीरपणे केली. मार्च २०१५ मध्ये ८ कोटी डॉलरचे भांडवल आले, ज्यात अझीम प्रेमजी यांच्या प्रेमजी इन्व्हेस्टचा पुढाकार होता, आणि एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या ॲप्ससाठी भागीदारी जाहीर झाली. परंतु वनप्लसचा पुढचा फोन ऑक्सिजन ओएस घेऊनच आला, आणि नामवंत फोननिर्माता गमावल्यावर त्या जागी तेवढा मोठा दुसरा मिळाला नाही. जुलै २०१६ मध्ये नोकरकपात झाली, ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी बदलले, आणि नोव्हेंबर संपता संपता कोंडिक यांनी कंपनी सोडली. भारतातल्या कराराचा यात वाटा किती, हे मोजून सांगता येणार नाही. माझे मत एवढेच, की ज्या कंपनीकडे विकायला मुख्यतः नाव आणि विश्वास होता तिने एका ग्राहकाला दिलेला विश्वास दुसऱ्याला विकावा, हे धंद्याच्या दृष्टीनेही आखूड बुद्धीचे होते.

२३ डिसेंबर २०१६ रोजी कंपनीने जाहीर केले की ३१ डिसेंबरपर्यंत तिच्या सर्व सेवा आणि नाइटली बिल्ड बंद होतील. सोर्स मात्र ज्याला स्वतः बिल्ड करायची त्याच्यासाठी उपलब्ध राहील. दुसऱ्या दिवशी सायनोजनमॉडच्या स्वयंसेवकांनी प्रकल्प लिनिएज ओएस या नव्या नावाने पुढे नेण्याची घोषणा केली. त्यानंतरच्या सकाळी, नाताळच्या दिवशी, प्रकल्पाच्या संकेतस्थळांचे डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी व्यवस्था) बंद पडले आणि कोडच्या परीक्षणासाठी वापरला जाणारा गेरिट सर्व्हर दिसेनासा झाला. स्वयंसेवकांनी ही आपल्या घोषणेवरची प्रतिक्रिया असल्याचे लिहिले.

आता तिन्ही गोष्टींचा हिशेब मांडता येतो. सोर्स गेला नाही. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ज्याने रिपॉझिटरी (कोडचा साठा) उतरवली त्याच्याकडे नुसत्या फाइली नव्हे तर पहिल्या कमिटपासूनचा सगळा इतिहास असतो, आणि अशा प्रती जगभर होत्या; काही दिवसांत तो सगळा कोड नव्या नावाखाली उभा राहिला. नाव गेले, कारण ते कंपनीच्या मालकीचे होते. म्हणून हजारो फाइलींमध्ये, ॲप्समध्ये, सेटिंग्जच्या पानांवर नामांतराचे कंटाळवाणे काम झाले. पण नाव गेल्याने एकही फोन बंद पडला नाही. त्रास झाला तो किल्लीने.

लिनिएजच्या बिल्डवर लिनिएजची किल्ली होती. सायनोजनमॉड असलेल्या फोनवर ती तशीच वरून चढवली, तर फोन सुरू होताना अँड्रॉइड आधी नोंदलेल्या सह्या आणि नव्या ॲप्सवरच्या सह्या ताडून पाहते. त्या जुळत नाहीत, आणि सिस्टमची ॲप्स एकामागून एक कोसळत राहतात. सरळ उपाय म्हणजे सगळा डेटा पुसून कोरी सुरुवात करणे. लाखो लोकांना तसे करायला सांगणे बरे नव्हे, म्हणून लिनिएजने जानेवारी २०१७ मध्ये मधल्या पायरीच्या खास बिल्ड काढल्या. त्यांत हा सही-तपासणीचा कडक नियम तात्पुरता सैल केलेला होता, जेणेकरून जुन्या नोंदी नव्या किल्लीच्या सह्यांनी बदलल्या जाव्यात. एकदा ती चढवून फोन सुरू करायचा, मग नेहमीची साप्ताहिक बिल्ड चढवायची, आणि ॲप्सना दिलेल्या परवानग्या पुन्हा द्यायच्या. सैल नियमाची बिल्ड रोज वापरणे धोक्याचे होते, आणि ती कोणी तशीच ठेवू नये म्हणून भिंतचित्रावर ठळक ठसा उमटवलेला होता. सुरक्षेचा नियम वाकवावा लागला तर तो किती वेळ, कोणासाठी आणि कोणत्या खुणेसह वाकवावा, याचे हे मला माहीत असलेल्या उत्तम उदाहरणांपैकी एक आहे.

कर्नल

या सगळ्यातून पार पडलेला वनप्लस वन पुढे बराच जगला. सायनोजनची शेवटची व्यापारी आवृत्ती त्याला २०१६ मध्ये अँड्रॉइड ६ वर सोडून गेली होती. २०१७ च्या सुरुवातीलाच लिनिएज १४.१ मुळे तो अँड्रॉइड ७.१ वर आला, आणि २०२१ मध्ये लिनिएज १८.१ मुळे अँड्रॉइड ११ वर. २०१४ मध्ये अँड्रॉइड ४.४ घेऊन आलेल्या फोनसाठी हा प्रवास लांबचा आहे. याच काळात युबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी उबुंटू टचही त्याच्यावर चालवले. अँड्रॉइडचे ब्लॉब तळाशी तसेच ठेवून त्यावर निराळीच लिनक्स प्रणाली उभी करण्याची ती रीत होती. हे बेकनवर जमले याचे श्रेय त्याच्या सहज उघडणाऱ्या बूटलोडरला आणि उपलब्ध कर्नल सोर्सला जाते.

तरीही हा प्रवास ११ वर थांबला, आणि थांबवणारी गोष्ट सोर्स, किल्ली आणि नाव यांपैकी एकही नव्हती. वनप्लस वनचा कर्नल लिनक्स ३.४ वर आधारलेला आहे, म्हणजे मूळ मे २०१२ चा. चिप बनवणाऱ्याने आपले बदल त्या आवृत्तीवर रचले, त्याच्यावर फोननिर्मात्याने आपले, आणि बंद ब्लॉब त्या रचनेला बांधलेले. जीपीएलमुळे हा सोर्स सर्वांना मिळतो, पण मिळालेला सोर्स नव्या कर्नलवर हलवणे हे स्वयंसेवकांच्या फावल्या वेळातले काम नव्हे. मुख्य लिनक्स कर्नलमध्ये बेकनच्या हार्डवेअरचे वर्णन करणारी फाइल पुढे दाखल झाली, पण ती वाट वेगळी आहे आणि अँड्रॉइडच्या जुन्या ब्लॉबांना तिच्यावर जागा नाही.

अँड्रॉइड १२ पासून जाळ्यावरच्या रहदारीची मोजदाद आणि नियंत्रण ईबीपीएफ या कर्नलमधल्या यंत्रणेवर सोपवले गेले आणि जुन्या पद्धतीचा आधार काढून टाकण्यात आला. ज्यांच्या कर्नलमध्ये ती यंत्रणा नाही असे अनेक जुने फोन लिनिएज १९ च्या यादीतून गळले, त्यांत बेकनही होता. ईबीपीएफसाठीचा सिस्टम कॉल लिनक्सच्या ३.१८ या आवृत्तीत आला. ती आवृत्ती प्रसिद्ध झाली ७ डिसेंबर २०१४ रोजी: वनप्लस वन भारतात विक्रीस आल्याच्या पाचव्या दिवशी, आणि दिल्लीच्या मनाई हुकमाच्या नऊ दिवस आधी.